माऊस ठेवा अन् थांबा

४ डिसेंबर, गुरुवार. आज एडिटरच्या सेटिंगची फाईल बदलायची आहे आणि आमच्या सरांनी लिहिलेल्या टिपा पुसायच्या आहेत.

आमचं ऑफिस परभणीत, बियाण्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांच्या, काट्यांवर कापसाच्या गाड्या तोलल्या जातात, त्या वजनाचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. पुण्याच्या एका कंपनीने ते आता चालवायला घेतलं आहे आणि नव्या वर्षापासून ते इतर जिल्ह्यांतही जाणार आहे. त्यांनी कामांची यादी पाठवली. तिच्यातला सातवा मुद्दा असा: कोडमधल्या टिपा एका ओळीच्या आणि इंग्रजीत असाव्यात, मराठी टिपा काढाव्यात, एडिटरची सेटिंग आमच्या फाईलप्रमाणे ठेवावी.

ऑफिसचे मालक म्हणाले, "ताई, सातवा मुद्दा उद्या संध्याकाळपर्यंत उरकून टाका. ते उद्याच फाईली घेणारेत."

मी "हो" म्हणाले. तेव्हा अकरा वाजले होते. आता चार वाजत आले आहेत आणि मी एकही ओळ पुसलेली नाही. असं काम अडकवून बसायची मला सवय नाही. म्हणून ठरवलं, ज्यांचं लिहिलेलं पुसायचं आहे ते कोण होते हे आधी कागदावर उतरवावं.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रोग्राम लिहायला एक एडिटर असतो, म्हणजे मजकूर लिहायची साधी खिडकी. प्रोग्रामचे शेकडो तुकडे असतात आणि प्रत्येकाला नाव असतं. त्या नावावर माऊस नेऊन थांबलं की एक छोटी चौकट उघडते आणि त्या तुकड्यावर लिहिलेली टीप दाखवते, म्हणजे हा तुकडा कशासाठी आहे ते सांगते. याला होव्हर म्हणतात. सगळीकडे ही चौकट इंग्रजीत बोलते. आमच्या ऑफिसात ती मराठीत बोलते आणि वेळ पडली तर रागावते.

सर आधी एका खेड्यातल्या शाळेत गणित शिकवायचे. परीक्षेच्या पेपरात ते अवघड शब्दांचे अर्थ समासात लिहून द्यायचे. हेडमास्तर म्हणाले, ही प्रश्नपत्रिका आहे की गाईड? सर म्हणाले, मला गणित येतं का ते बघायचंय, शब्द येतो का ते न्हाई. प्रकरण वाढलं आणि सरांनी राजीनामा दिला. पुढे प्रोग्रामिंग ते पुस्तकं आणून स्वतःच शिकले. आमच्याकडे आले तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती. चपला दाराबाहेर काढून मोजे घालून बसायचे, आणि मोजे उन्हाळ्यातही असायचे.

त्यांना चिठ्ठ्या डकवायचं वेड होतं. ऑफिसच्या दारावर त्यांची चिठ्ठी होती: "ओढा. ढकललं की काच बिजागरीवर येते. एकदा फुटली आहे." पंख्याच्या बटणांवर होती: "हे पंख्याचं नाही. शेजारचंही नाही. तिसरं." त्यांच्या छत्रीच्या दांड्यावर लिहिलेलं होतं: "ही छत्री माझी नाही, पण माझ्याकडे आहे. ओळख पटवून न्या." ती छत्री न्यायला कोणी आलं नाही.

मी एकदा म्हटलं, "सर, नुसतं 'ओढा' लिहिलं असतं तर?"

"नुसतं 'ओढा' लिहिलं की माणूस ढकलूनच बघतो. का ते लिहिलं की बघत न्हाई."

हळदीकुंकवाला त्यांच्या घरी गेले होते तेव्हा त्यांच्या बायकोने मला स्वयंपाकघरातला मिठाचा डबा दाखवला. वर चिठ्ठी: "हे मीठ आहे. साखर डावीकडे. एकदा चहात पडलं होतं."

"कोणाच्या हातून पडलं ते न्हाई लिहिलं," काकू म्हणाल्या.

"कोणाच्या?"

"ह्यांच्याच की!"

मी या ऑफिसात लागले ती डाटा एंट्रीला. वय चौतीस, शिक्षण बी.ए., दोन मुलं शाळेत, रोज झरीहून जीपने येणंजाणं. सहा महिन्यांत आकडे भरायचा कंटाळा आला आणि आकडे आत जाऊन काय करतात ते बघावंसं वाटायला लागलं. मालकांनी हसून परवानगी दिली. सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, हे काय करतंय?"

सर टाईप करत राहिले. मी पुन्हा विचारलं.

"ताई, माऊस ठेवा अन् थांबा."

मी माऊस ठेवला आणि थांबले. चौकट उघडली. चार ओळी इंग्रजी. त्यातले 'वेट' आणि 'रिटर्न' एवढे दोनच शब्द मला कळले. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "सर, मला इंग्रजी वाचून कळत नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग ते त्या चौकटीचं चुकलं. तुमचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्याच नावावर माऊस ठेवला, तर चौकटीत होतं: "एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करतं. उत्तर उणे आलं तर गणित चुकलेलं नाही, काट्यावर दुसरीच गाडी चढलेली आहे."

मी मोठ्याने हसले. हसल्यावर लक्षात आलं, की मला कळलं होतं.

त्या वर्षी सरांनी सगळ्या टिपा मराठीत लिहिल्या. रोज थोड्या लिहायचे. आज आमच्या ऑफिसात मी धरून तिघीजणी प्रोग्राम लिहितो. तिघीही खेड्यातून आलेल्या आणि तिघीही मराठी शाळेत शिकलेल्या. परभणीत बसून आम्ही जे काम करतो ते पुण्याच्या कंपनीला घ्यावंसं वाटलं, आणि तिथवर आम्ही या चौकटी वाचत वाचत पोचलो. हे सांगताना मला लाजायचं काही कारण दिसत नाही.

सेटिंगच्या बाबतीत सर भलतेच हट्टी होते. माऊस थांबल्यावर चौकट किती वेळाने उघडावी, हा आकडा आपल्याला बदलता येतो. मालकांनी एकदा पाहुण्यांना दाखवायचं म्हणून तो अगदी कमी केला. झालं, माऊस जिकडे फिरेल तिकडे चौकटी उडायला लागल्या, बसस्टँडवर गाडी लागली की हॉटेलवाली पोरं ओरडत येतात तशा. सरांनी आकडा परत बाराशे केला. बाराशे मिलिसेकंद म्हणजे सव्वा सेकंदाच्या आसपास.

मालक म्हणाले, "सर, एवढा वेळ गिऱ्हाईक थांबत नसतं."

"गिऱ्हाईक थांबत न्हाई. काम करणारं थांबतं. जो वाचत चाललाय त्याला आडवं जाऊ नये. जो अडलाय तो थांबतोच, त्याला सांगावं."

दुसरी एक सेटिंग अशी, की माऊस नावावरून हलवून चौकटीवर नेला तर चौकट उघडी राहावी की मिटावी. एका अपडेटनंतर ती मिटायला लागली. सरांनी अर्धा दिवस त्यात घालवला. मालक चिडले, एवढ्याशा गोष्टीत काय आहे म्हणाले. सर त्यांच्याकडे न बघता बोलले, "बोलणाऱ्याकडं वळून बघितलं की त्यानं तोंड मिटायचं, ही कुठली रीत झाली?" चौकट उघडी राहायला लागली तेव्हाच ते जेवायला उठले.

सर साधे होते, पण सोपे नव्हते. कधी कधी अख्खा दिवस एक शब्द बोलायचे नाहीत. राग आला तर तो टिपेत उतरवायचे. एका तुकड्यावर अजूनही आहे: "हा रंग मालकांच्या हट्टाने घातला आहे. उपयोग नाही." एका बैठकीत नेमका मालकांचाच माऊस तिथे थांबला. बैठक संपल्यावर त्यांनी ऑफिस डोक्यावर घेतलं. सर शांतपणे बसले आणि टिपेत एक ओळ वाढवली: "मालकांना हे मान्य नाही."

त्यांचा एक नियम मात्र कधी मोडला गेला नाही. जे स्वतः पाहिलं नाही त्यावर टीप लिहायची नाही. त्या नियमाची किंमत मला एका हंगामात कळली.

काट्यावरची पद्धत अशी. कापसाने भरलेली ट्रॉली आधी तोलतात. कापूस खाली केला की तीच ट्रॉली रिकामी तोलतात. दोन्हींतला फरक म्हणजे कापूस. सरांनी यात एक अट घातली होती. दोन्ही वेळा काटेवाल्याने गाडीवर माणसं किती आहेत तो आकडा भरायचा. दोन आकडे जुळले नाहीत तर वजनाची चिठ्ठी निघत नाही. सगळ्या जिनिंगवाल्यांना ही अट म्हणजे कटकट वाटायची.

त्या हंगामात सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि पट्टी बांधून ते घरी होते. मी प्रोग्राम लिहायला लागून जेमतेम वर्ष झालेलं. पाथरीकडच्या एका जिनिंगमधून फोन आला, की सकाळपासून चिठ्ठ्या अडकायल्यात, या. मी एसटीने गेले. काट्यापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर उभे होते आणि सगळे एकदम हॉर्न वाजवत होते. मुनीमजींनी टेबलावरच्या वह्या सरकवून माझ्या लॅपटॉपला जागा दिली.

"बाई, लवकर करा. लोक मला मारायला उठलेत."

मी मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, "ती माणसं मोजायची अट काढा अन् मोकळं व्हा."

अट एकाच ओळीत होती. ती पुसली की चिठ्ठ्या धडाधडा निघाल्या असत्या आणि मी दुपारच्या गाडीने घरी गेले असते. त्या ओळीवर माऊस नेला आणि क्षणभर हात थांबला. चौकट उघडली.

"ही अट काढावीशी वाटेल. बाहेर रांग असेल आणि कोणीतरी ओरडत असेल. काढू नका. दोन दिवस काट्यावर बसून पाहिलं आहे. भरून येताना घरचं माणूस कापसावर बसून येतं. रिकामी जाताना ते खिडकीशी चिठ्ठीची वाट बघत असतं. मग ते माणूस कापसात तोललं जातं. चिठ्ठी अडली तर प्रोग्राम बघू नका. उठा आणि बाहेर बघा."

मी उठले आणि बाहेर बघितलं. काट्यावर ट्रॉली उभी होती आणि तिच्यावर, कापसाच्या ढिगाच्या टोकावर, एक म्हातारी मांडी घालून बसली होती. मांडीवर भाकरीचं फडकं.

"मावशी, खाली उतरा."

"कामून?"

"तुमचं वजन कापसात धरलं जायलंय."

"मग धरू द्या की! माझं काय वाईट हाय?"

रांगेतले लोक हसायला लागले. मुनीमजी खिडकीतून ओरडले, "मावशी, उतरा न्हाईतर कापसासंगट मशीनमधी जाताल!"

"तुझ्या मशीनीला झेपंल का रं मी?" मावशी जागची हलली नाही. "लगीन झाल्यापसून अशीच बसून येते. दाबून बसलं की कापूस उडत न्हाई. आजच काय झालं? मी का कापूस हाय?"

"नाही ना मावशी. म्हणूनच उतरा."

तिच्या नातवाने हात दिला आणि ती पुटपुटत उतरली. तेवढ्यात रांगेतून एक शेतकरी पुढे आला. आवाज चढवूनच बोलला, "ताई, म्हातारीला उतरवलं ते दिसलं. पण रिकामी गाडी तोलताना ड्रायव्हर आत बसून ऱ्हातो, त्याचं वजन आमच्या कापसातून जातं. ते कोण बघणार?"

"तोही उतरेल. दोन्ही वेळा सगळे खाली."

"लिहून द्या."

मी मुनीमजींच्या वहीचा कागद फाडला, मोठ्या अक्षरात लिहिलं आणि काट्याच्या खांबाला चिकटवलं: "तोलताना सगळे खाली. भरलेली असो, रिकामी असो." मावशींची ट्रॉली पुन्हा तोलली, माणसांचा आकडा शून्य भरला, आणि रिकामी तोलल्यावर चिठ्ठी निघाली. त्यानंतर एकही अडली नाही.

"बाई, तुमचं कम्प्युटर लय खडूस हाय," मुनीमजी म्हणाले.

संध्याकाळी सरांच्या घरी गेले. एका डोळ्यावर पट्टी लावून ते खाटेवर बसले होते. मी सगळं सांगितलं. कौतुकाची अपेक्षा नव्हती, पण अगदीच नव्हती असंही नाही.

"बाहेर बघितलंव का?" त्यांनी विचारलं.

"बघितलं."

"मग टीप बरोबर हाय," सर म्हणाले, आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.

सरांना जाऊन तीन वर्षं झाली. ऑफिसात त्यांचा फोटो लावलेला नाही. त्यांनी तो लावूही दिला नसता. लावला असता तर खाली काय लिहिलं असतं ते मला माहीत आहे, आणि ते मालकांना मान्य नसतं.

इथपर्यंत लिहिलं आणि फोन वाजला. पुण्याच्या कंपनीतले साहेब होते. माणूस सभ्य आहे, आवाज कधी चढवत नाही.

"मॅडम, सातव्या मुद्द्याचं झालं का?"

मी सरळ सांगितलं. प्रत्येक मराठी टिपेखाली मी इंग्रजी ओळ लिहून देते, पण मराठी टिपा काढायला नकोत. आमच्या मुली त्यांच्यावर काम करतात, आणि बऱ्याच टिपांत जे आहे ते कोडमध्ये दुसरीकडे कुठेही नाही. उदाहरण म्हणून काट्याच्या अटीची टीप वाचून दाखवली.

ते ऐकून घेऊन म्हणाले, "मॅडम, भाषेचा प्रश्न सोडा. इंग्रजी ओळ दिलीत तर मी वरती बोलेन. पण ही टीप किती जुनी आहे? आता काट्यांवर कॅमेरे आलेत. माणसं मोजायची अटच कालबाह्य झाली आहे, आम्ही ती काढणार आहोत. हे आजही खरं आहे असं कोण सांगणार? लिहिणारे तर नाहीत."

राग यायला हवा होता, पण प्रश्न चुकीचा नव्हता. सरांनीही तोच विचारला असता. पाथरीच्या त्या काट्यावर मी स्वतः शेवटची कधी उभी होते? चार हंगाम झाले. फोनवर अडचणी सोडवते, बिलं पाठवते, गेलेले मात्र नाही. आणि इकडे मी टिपांची बाजू घेऊन भांडत होते.

"उद्या सांगते," मी म्हणाले.

"उद्या पाचपर्यंत, मॅडम. त्यानंतर आहे तसं आमच्या पद्धतीने साफ करून घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या एसटीने मी पाथरीला गेले. मुनीमजी आता दुसरे आहेत. त्यांना सांगितलं, मी फक्त बघायला आले आहे, कोणाला काही सांगू नका. काट्याजवळ खुर्ची टाकून बसले. खांबावरचा माझा कागद केव्हाच गेलेला होता. कॅमेरा खरंच आहे, चांगला आहे, आणि त्याचं तोंड गाडीच्या नंबर प्लेटकडे आहे. पहिल्या ट्रॉलीवर एक गडी बसून आला. दुसरीवर नवराबायको. मी आत जाऊन कॅमेऱ्याची चित्रं बघितली. नंबर स्वच्छ दिसत होता, वर बसलेलं एकही माणूस दिसत नव्हतं. काटेवाला मुकाट्याने आकडे भरत होता. नवराबायकोची चिठ्ठी अडली, तो उठून बाहेर गेला, दोघांना रिकाम्या ट्रॉलीत परत बसवून पुन्हा तोललं. भांडण झालं नाही. त्याला हे कोणी शिकवलं ते मी विचारलं नाही.

दहा वाजता टेबलावर लॅपटॉप उघडला आणि सरांच्या टिपेखाली लिहिलं: "५ डिसेंबरला काट्यावर बसून पुन्हा पाहिलं. कॅमेरा आहे, पण तो नंबर प्लेट बघतो. कापसावर बसलेलं माणूस त्याला दिसत नाही. अट तशीच ठेवा." त्याखाली तेच इंग्रजीत लिहिलं, जमेल तसं, आणि कॅमेऱ्याचं एक चित्र जोडून पुण्याला पाठवलं.

दहा मिनिटांत फोन आला. मागे ट्रॅक्टर चालू होते, मला ओरडून बोलावं लागलं.

"मॅडम, कुठे आहात?"

"काट्यावर!"

मग ते म्हणाले, "चित्र बघितलं. ठीक आहे, ही अट राहू दे. टीपही राहू दे, दोन्ही भाषांत. पण बाकीच्या टिपांचं काय?"

"एकेक बघून येते. खरी असेल ती राहील, नसेल ती मी स्वतः पुसते. तोवर तुम्ही हात लावू नका."

"किती दिवस लागतील?"

"हंगाम संपेपर्यंत."

त्यांनी 'हो' म्हटलं नाही. यादीतला सातवा मुद्दा तेवढा बाजूला ठेवतो, म्हणाले. मला तेवढं पुरेसं होतं. लॅपटॉप पिशवीत घातला, मुनीमजींचा चहा उभ्यानेच प्याले आणि त्यांना विचारलं, मानवतच्या जिनिंगकडे जायला आत्ता जीप कुठून मिळेल.